सतरंजी, खरवस आणि कोमट पाणी

२०१६ सालच्या चैत्रातली ही गोष्ट आहे. लोहा ते अहमदपूर रस्त्याच्या आतल्या बाजूला एक लहान गाव आहे. गावात मारुतीच्या देवळात सप्ताह बसला होता. देवळात नवी कोरी सतरंजी अंथरली होती. गावाने घरोघर वर्गणी काढून ती घेतली होती. कोणी पन्नास रुपये दिले, कोणी मजुरीतले वीस दिले. म्हणून सतरंजी सगळ्यांची होती.

काल्याच्या दिवशी गर्दीत कुणाचा तरी पाय लागला. कच्च्या दुधाची किटली सतरंजीवर कलंडली. धांदलीत कुणाचं लक्ष गेलं नाही. दुसऱ्या दिवशी पाहतो तर काय! दूध वाळून कडक झालेलं, वास सुटलेला, मुंग्यांची रांग लागलेली.

आम्ही त्या गावी रात्रीचा वर्ग चालवत होतो. आम्ही म्हणालो, "काळजी करू नका, आम्ही धुऊन देतो." चुलीवर हंडा ठेवला. पाण्याला चांगली उकळी आली. ते उकळते पाणी डागावर ओतले, सोडा टाकला आणि ब्रशाने खसाखसा घासले. तीन पिंपं पाणी गेलं. डाग काही गेला नाही. उलट पिवळा पडून धाग्यात घट्ट बसला.

एक म्हातारी आजी पायरीवर बसून पाहत होती. ती म्हणाली, "गुरुजी, गाईचा चीक तापवल्यावर काय होतं?"

आम्ही म्हणालो, "खरवस होतो, आजी."

"मग खरवसाचा पुन्हा चीक होतो का?"

आम्ही गप्प झालो. आजी बरोबर बोलत होती.

उकळत्या पाण्याने काय होते?

दूध, रक्त, अंडे यांत प्रथिने असतात. चिकातही ती पुष्कळ असतात. प्रथिनाला फार उष्णता लागली की ते आळते, घट्ट होते. चिकाचा खरवस होतो तो यामुळेच. सतरंजीच्या धाग्यात शिरलेल्या दुधाचेही असेच होते. आपण समजतो, गरम पाण्याने डाग सुटेल. पण आपण डाग धाग्यातच शिजवून टाकतो.

त्या साली पाण्याची किंमत काय होती, ते लातूरकरांना सांगायला नको. मांजरा धरण आटले होते. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाणी घेऊन आगगाडी लातूरला आली. पहिल्या खेपेला सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. आमच्या गावालाही टँकरचेच पाणी होते. अशा दिवसांत आम्ही तीन पिंपं पाणी फुकट घालवलं. त्याची आम्हांला आजही लाज वाटते.

डाग खाणारा मजूर

ज्वारीच्या भाकरीचा तुकडा तोंडात घेऊन बराच वेळ चावून पाहा. तो हळूहळू गोड लागतो. कारण आपल्या लाळेत एक पदार्थ असतो. तो भाकरीतल्या पिठाचे तुकडे करून त्याची साखर करतो. मटण लवकर शिजावे म्हणून त्याला कच्ची पपई लावतात. पपईच्या चिकातही असाच पदार्थ असतो. तो मांसातली प्रथिने तोडतो.

अशा पदार्थाला एन्झाइम म्हणतात. मराठी पुस्तकांत त्याला विकर असे नाव आहे. विकर म्हणजे जणू एक बारीक मजूर. प्रत्येक मजुराचे काम वेगळे. एक प्रथिने तोडतो, दुसरा पीठ तोडतो, तिसरा तेल-तूप तोडतो.

या मजुराला धुण्याच्या कामाला लावण्याची युक्ती जर्मनीतल्या ओटो रोम यांनी १९१३ साली काढली. त्यांनी जनावराच्या पाचक रसातले विकर घेतले. आता कारखान्यात सूक्ष्म जीवांपासून विकर तयार करतात. आज बाजारातल्या पुष्कळ धुण्याच्या पावडरींत ते असते. पाकिटावर एन्झाइम हा शब्द आहे का, ते आता तुम्हीच वाचून पाहा. अक्षरे इंग्रजी असतील तर शाळेत जाणाऱ्या मुलाला वाचायला सांगा.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. विकर हेही प्रथिनच आहे. उकळत्या पाण्यात टाकले तर त्याचाही खरवस होतो. मग तो मजूर काम करीत नाही. फार गार पाण्यात तो सुस्त पडतो. बहुतेक पावडरींतल्या विकराला चाळीस ते पन्नास अंश उष्णतेचे पाणी मानवते.

पाणी किती ऊन हवे?

आपल्या घरी उष्णता मोजायचे यंत्र नसते. पण तांब्या असतो. एक तांब्या उकळते पाणी घ्या. त्यात तीन तांबे साधे पाणी घाला. झाले योग्य पाणी तयार. उन्हाळ्यात टाकीतले पाणी आधीच तापलेले असते. तेव्हा साधे पाणी चार तांबे घाला. मग कोपर बुडवून पाहा. तान्ह्या बाळाचे पाणी आई जसे पाहते तसे. कोपराला चांगले ऊन लागावे, पण चटका बसू नये.

आता काम कसे करावे?

१. सतरंजी आधी झटकून घ्या. डाग ओला असेल तर फडक्याने टिपा. घासू नका. घासल्याने डाग पसरतो.

२. दूध, रक्त, अंडे यांचा डाग आधी गार पाण्याने ओला करून टिपून घ्या.

३. कोमट पाण्यात पावडर कालवा. पाकिटावर लिहिली असेल तेवढीच घ्या.

४. ते पाणी आधी सतरंजीच्या एका कोपऱ्याला लावून पाहा. रंग सुटत नसेल तरच पुढे जा.

५. फक्त डागावर पाणी लावा. वर ओले फडके झाका. अर्धा तास सावलीत ठेवा. डाग वाळता कामा नये. वाळला की मजुराचे काम थांबले.

६. मग मऊ ब्रशाने हलके घासा. स्वच्छ पाण्याने पावडर काढून टाका. शेवटी सतरंजी वाऱ्यावर पुरती वाळवा.

ब्लिचिंग पावडर यात मिसळू नका. ती विकराला मारते. कोरडी पावडर हुंगू नका, उधळू नका. तिच्या धुरळ्याने काहींना दमा जडतो. काम झाल्यावर हात धुवा.

घोंगडीला हे लावू नका

सतरंजी सुताची असते. सूत म्हणजे कापूस. प्रथिने तोडणारे विकर कापसाला खात नाही. पण घोंगडी मेंढीच्या लोकरीची. लोकर हेच प्रथिन आहे. पैठणीचे रेशीमही प्रथिनच आहे. तिथे मजूर डागाबरोबर मालही खातो! घोंगडी गार पाण्यात, सौम्य साबणाने धुवावी.

हळदीच्या रंगापुढेही या विकरांचे काही चालत नाही. वरण सांडले तर त्यातला डाळीचा आणि तुपाचा भाग निघेल, पिवळा रंग राहील. साबण लागला की तो लाल दिसेल. घाबरू नका. धुऊन उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हाने उडत जातो. लोखंडाचा गंजही विकराने जात नाही.

पुढे काय झाले?

आमच्या त्या सतरंजीला आम्ही पुढे दोनदा कोमट पाण्याची ही रीत केली. कडकपणा गेला, वास गेला. पिवळी छटा मात्र राहिली. शिजलेला डाग पुरता सुटला नाही. आजीने तो भाग भिंतीकडे करून सतरंजी अंथरायला लावली.

दुसऱ्या वर्षी सप्ताहात पुन्हा दूध सांडले. या वेळी कुणी चूल पेटवायला धावले नाही. बायांनी लगेच दूध टिपले. एकीने तांब्याने मोजून पाणी केले. वर्गात नुकत्याच वाचायला शिकलेल्या एका बाईने पाकीट वाचून पावडर घेतली. एक बादली पाण्यात काम झाले आणि डाग उरला नाही.

आजी आम्हांला म्हणाली, "गुरुजी, औंदा तुमचा खरवस झाला नाही!"

सगळे हसले. आम्हीही हसलो.

वाचा आणि सांगा

१. दुधाच्या डागावर उकळते पाणी का ओतू नये?
२. कोमट पाणी तांब्याने मोजून कसे करावे?
३. ही पावडर सतरंजीला चालते, घोंगडीला का चालत नाही?
४. तुमच्या घरातल्या धुण्याच्या पावडरीच्या पाकिटावर काय लिहिले आहे? शेजाऱ्याला वाचून दाखवा.