घरच्या धान्यात विषाची गोळी नको

गव्हाच्या ड्रमात टाकलेली गोळी भिंतीपलीकडच्या माणसाला आजारी पाडू शकते. नागपूरच्या लकडगंजातल्या आमच्या घरात हे मी स्वतः पाहिलं आहे. घर जुनं, खोल्या एकमेकींना लागून, मधल्या भिंतीला वर हवेसाठी ठेवलेली जाळी. शेजारच्या बिऱ्हाडातल्या काकूंनी उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरून ठेवला होता. पोळ्याच्या सुमारास त्यात किडे दिसले. कोणीतरी बाजारातून राखाडी गोळ्या आणून दिल्या, काकूंनी त्या फडक्यात बांधून ड्रमात टाकल्या आणि झाकण लावलं. "आमच्या माहेरी दरसाली टाकतात जी, काही नाही होत," असं त्या मला म्हणाल्याही होत्या.

रात्री माझ्या सासूबाईंना मळमळू लागलं. मग उलट्या, डोकेदुखी, छातीवर दडपण. जेवणातलं काही बाधलं असेल असं आम्हाला वाटलं. पण त्याच वेळी पलीकडे काकूंचा नातूही ओकत होता, आणि दोन्ही घरांचा स्वयंपाक तर वेगळा. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "घरी धान्यात काही टाकलंय का?" त्या प्रश्नाने दोन जीव वाचले असं मी मानते. दोघंही सुखरूप घरी आले. सगळ्यांच्याच वाट्याला असं नशीब येत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

ती गोळी अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडची. हवेतली ओल लागली की तिच्यातून फॉस्फिन नावाचा वायू सुटतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण एक ग्रॅम वायू निघतो. कारखान्यात आठ तास काम करणाऱ्या माणसासाठी या वायूची मर्यादा धरली जाते हवेच्या दहा लाख भागांत ०.३ भाग. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच बंद खोलीत एका गोळीचा सगळा वायू पसरला, तर हे प्रमाण पंचविसाच्या घरात जातं, म्हणजे मर्यादेच्या ऐंशीपट. बाजारातल्या गोळीला लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो, पण वासाच्या भरवशावर राहू नये. शुद्ध फॉस्फिनला वासच नसतो. शरीरात गेल्यावर त्याच्यावर उतारा असं औषध नाही, डॉक्टर फक्त हृदय आणि श्वास सांभाळू शकतात. पावसाळ्यात हवा दमट असल्याने वायू आणखी भराभर सुटतो, आणि किडेही नेमके पावसाळ्यातच दिसतात. कायद्याप्रमाणे असं धुरीकरण सरकारी यंत्रणेने किंवा मान्यताप्राप्त कीडनियंत्रकांनी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली करायचं असतं. गोदामात ताडपत्रीखाली, माणसं दूर ठेवून. राहत्या घरात कधीच नाही.

घरात अशी गोळी असल्याचा संशय आला, तर आधी सगळ्यांना बाहेर काढा. जाता जाता दारं-खिडक्या उघडा, पण ड्रम उघडून बघत बसू नका. गोळीवर पाणी ओतू नका. पाण्याने वायू एकदम सुटतो, पेटही घेऊ शकतो. १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना गोळीचं नाव सांगा. शेजाऱ्यांना उठवायला विसरू नका.

आता मूळ प्रश्न, किडीचा. काकूंच्या गव्हात नेमका कोणता किडा होता, हे गोळी टाकण्याआधी कोणी पाहिलंच नव्हतं. मी नंतर एका पांढऱ्या ताटात मूठभर गहू पसरून बघितला. किडा ओळखला की निम्मं काम होतं, कारण प्रत्येकाची रीत निराळी.

तांदूळ, गहू, ज्वारीत तपकिरी-काळपट, पुढे सोंड असलेला किडा दिसला, तर तो सोंडकिडा. मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. त्यामुळे वरून दाणा धड दिसतो आणि महिनाभराने त्यातून किडा बाहेर येतो. तूर, मूग, चवळी, हरभऱ्यातला भुंगा याच्या उलट. त्याची अंडी दाण्यावर पांढऱ्या ठिपक्यांसारखी चिकटलेली असतात, नुसत्या डोळ्यांना दिसतात. हा भुंगा बहुतेक वेळा शेतातूनच येतो, शेंग पिकत असतानाच अंडी घातली जातात. म्हणून दुकानदाराशी भांडण्यापेक्षा आणल्या दिवशीच कडधान्य नीट पाहणं बरं. पिठात आणि रव्यात फिरणारा तांबडा भुंगेरा धड दाणा फोडू शकत नाही. तो फुटका दाणा आणि पीठ खातो. त्याची संख्या वाढली की पिठाला उग्र वास येतो, ते पीठ फेकून द्यावं. रव्याच्या गाठी होऊन रेशमी जाळी दिसली, तर ती पतंगाच्या अळीची.

काकूंच्या गव्हात मात्र केसाळ, पिवळट-तपकिरी अळ्या होत्या, आणि त्यांनी टाकलेल्या कातींचा थर. हा खपरा. याची अळी अन्नाशिवायही फटीत, पोत्याच्या शिवणीत काही वर्षं तग धरते. जुनं गोणपाट आणि न धुतलेला ड्रम पुन्हा वापरला, की नव्या गव्हात खपरा आलाच. काकूंकडे तेच झालं होतं.

याच कुळातला एक किडा तुमच्या ट्रंकेतही असतो. गालिचे, लोकरी शाली, कोशाच्या साड्या खाणारा कापडभुंगा हा खपऱ्याचा सख्खा नातलग. त्याचीही अळी केसाळ आणि कातीही तशाच. आणि गहू-ज्वारी पोखरून पीठ पाडणारा बारीक, दंडगोल भुंगा लाकूड पोखरणाऱ्या भुंग्यांच्या कुळातला. आरामशिनीवर काम करणाऱ्यांना लाकडातून गळणारी ती मैद्यासारखी पिठी ठाऊक असते. सागाच्या गाभ्याला भुंगा फारसा लागत नाही, बाहेरच्या पांढऱ्या भागाला लागतो, कारण त्यात पिष्ट असतं. धान्यातही तो पिष्टासाठीच येतो. मला हे नातं फार मोलाचं वाटतं. धान्याची कोठी, कपाट आणि कपड्यांची ट्रंक एकाच वेळी साफ करायला हवी, हे त्यावरून कळतं.

उपाय नागपूरच्या उन्हातच आहे. साठवणीतले बहुतेक किडे ५० अंशांच्या वर तासभरही जगत नाहीत. नुसतं गच्चीवर ढीग घालून भागत नाही, किडे ढिगाच्या गार पोटात शिरतात. काळ्या प्लास्टिकवर धान्य बोटभर जाडीत पसरा, वर पारदर्शक प्लास्टिक घालून कडा दाबून टाका. मे महिन्यातलं दुपारचं ऊन आत साठून तापमान पन्नासच्या पुढे जातं. बियाणं मात्र असं तापवू नका, उगवण जाते. दाणा दाताखाली कट्‌ आवाज करून फुटला, की तो वाळला. मग धान्य पूर्ण गार होऊ द्या. गरम धान्य डब्यात भरलं तर झाकणाला घाम येतो आणि बुरशी धरते.

कडधान्याला तेल चोळण्याची आपली रीतही पक्की आहे. किलोला चमचाभर खाद्यतेल किंवा एरंडेल हाताने सारखं लावलं, की अंड्याला हवा मिळत नाही आणि अळी आतच मरते. डब्याचं झाकण हवाबंद असेल तर आणखी चांगलं. आपल्याकडे ज्वारीची पेवं याच तत्त्वावर चालत: जमिनीखाली बंद केलेल्या धान्यात प्राणवायू संपतो आणि किडे मरतात. त्याच पेवात घाईने उतरलेली माणसंही गुदमरून गेलेली आहेत, हेही विसरू नये. रवा, बेसन, मैदा थोडाच आणावा आणि आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवून मग डब्यात भरावा.

बोरिक पावडर चोळलेला तांदूळ आणि पाऱ्याच्या टिकड्या, या दोन गोष्टी अजून पुष्कळ घरांत चालतात. बोरिक पोटात जायची वस्तू नाही, आणि पाऱ्याचं स्वयंपाकघरात काही काम नाही. दोन्ही बंद करा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते तर उघड्या शेतात होते; आपण तर बंद खोलीत झोपतो.

कपड्यांचं थोडक्यात. सुती साडीला पडलेली खरवडल्यासारखी भोकं बहुधा कसरीची. तिला खळ आवडते, म्हणून साठवणीची साडी खळ न घालता, धुऊन, कोरडी करून ठेवा. लोकर आणि रेशीम खाणाऱ्या अळ्यांना घामाचे, तेलाचे डाग आवडतात. एकदा नेसलेली साडी तशीच घडी करून ठेवू नका. कौलाखाली कबुतराचं घरटं असेल तर ते काढा, कापडभुंगे तिथूनही घरात येतात. डांबराच्या गोळ्यांचा उपयोग घट्ट बंद पेटीतच होतो, ढिल्या कपाटात फक्त वास राहतो. आणि तान्ह्या बाळाच्या दुपट्यांत, झबल्यांत त्या कधीही ठेवू नका. ज्या बाळांच्या रक्तात जी-६-पी-डी नावाचं द्रव्य कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी त्या वाफेने फुटतात आणि कावीळ चढते. बाळात ही कमतरता आहे का, हे आईला आधी कळत नाही.

धान्य विकणाऱ्या भावांना माझी एकच विनंती आहे. गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असलं, कितीही गळ घातली, तरी ही गोळी सुटी, पुडीत बांधून देऊ नका. आणि वाचणाऱ्या प्रत्येक घराला: आज ड्रम उघडण्याआधी घरातल्या सगळ्यांना विचारा, त्यात कोणी काही टाकलं आहे का.