झाडपाला म्हणून गाफील राहू नका

आमच्या वहिनी मुंबईत लालबागला राहतात. थायरॉइडची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी घेतात. मुलीचं लग्न ठरलं आणि काळजीने त्यांची झोप उडाली. मसाल्यासाठी मिरच्या घ्यायला बाजारात गेल्या, तेव्हा ओळखीच्या एका बाईंनी अश्वगंधेचं चूर्ण सुचवलं. रात्री कोमट दुधातून चमचाभर. ‘झाडपाल्याचंच औषध, अपाय कसला होणार?’ असं घरात सगळ्यांचंच मत पडलं.

सुरुवातीला झोप लागली. पुढे छातीत धडधड सुरू झाली, दरदरून घाम येऊ लागला, हातातली कपबशी खडखड वाजू लागली. वहिनींना वाटलं, धास्तीच वाढली. म्हणून त्यांनी चूर्णाचा चमचा वाढवला. मी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. रक्त तपासलं, तर थायरॉइडचं प्रमाण चढलेलं. ‘गोळीशिवाय आणखी काय घेता?’ असं डॉक्टरांनी खोदून विचारलं, तेव्हा कुठे चूर्णाचं नाव निघालं. अश्वगंधेने थायरॉइडचं संप्रेरक वाढू शकतं आणि वहिनींच्या पोटात तर रोजची गोळीही जात होती. चूर्ण बंद केल्यावर त्रास हळूहळू ओसरला.

अश्वगंधा गुणाची आहेच. तिच्या मुळातल्या विथॅनोलाइड या द्रव्यांवर संशोधन चालू आहे; ताण आणि झोपेसाठी छोट्या चाचण्यांत तिचा उपयोगही दिसला आहे. पण गुण असतो तिथे अवगुणही असू शकतो. सर्पगंधा या दुसऱ्या औषधी मुळीचंच बघा. आपल्या परळच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. 1952 मध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि मनोरुग्णांनाही ते दिलं जाऊ लागलं. त्याच रिसर्पिनवर असलेल्या काही रुग्णांना नैराश्याने घेरल्याच्या नोंदी पुढे झाल्या.

म्हणून सांगते:

- चूर्ण, काढा, आसव, जे काही घेत असाल ते डॉक्टरांना आणि वैद्यांना आपणहून सांगा.
- थायरॉइड किंवा यकृताचा आजार असेल, झोपेच्या गोळ्या चालू असतील, दिवस गेले असतील, तर अश्वगंधा मनाने घेऊ नका.
- ब्राह्मी या नावाखाली दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. सुटा माल घेण्यापेक्षा परवाना क्रमांक आणि घटक छापलेलं पाकीट घ्या.
- डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर औषध थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवा.

आणि घाबरेपणा हटत नसेल, तर तो चूर्णाखाली दडपू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. फोन करा, मन मोकळं करा, मगच औषधाचं ठरवा.