फळांची विरळणी : परिसर अभ्यासाचा एक पाठ

उद्देश : झाडाची शक्ती आणि फळांची संख्या यांचा संबंध विद्यार्थ्यांस प्रत्यक्ष निरीक्षणाने समजावा.

विषयविवेचन : पाने सूर्यप्रकाशात जी साखर तयार करतात, तिच्यावरच फळ पोसते. पाने तितकीच राहून फळे फार झाली, तर प्रत्येक फळाच्या वाट्यास अन्न कमी येते. फळे लहान राहतात, फांद्या मोडतात आणि झाड थकल्यामुळे पुढील बहार क्षीण येतो. म्हणून काही फळे कोवळेपणीच काढून टाकतात. यासच विरळणी म्हणतात.

सोलापूर, सांगली, नाशिक या जिल्ह्यांत डाळिंबाच्या बागा पुष्कळ आहेत. डाळिंबाची फळे लिंबाएवढी होण्यापूर्वीच हे काम करावे. वेडीवाकडी, डागाळलेली व किडकी फळे प्रथम काढावीत. दोन-तीन फळे एकमेकांस चिकटलेली असल्यास त्यांच्या बेचक्यात किडीस आसरा मिळतो. तेथे एकच सुदृढ फळ ठेवावे. पूर्ण वाढलेल्या झाडावर साधारणपणे ६० ते ८० फळे ठेवतात. लहान झाडावर त्याहून कमी. देठ कात्रीने कापावा, ओढू नये. किडकी फळे बागेबाहेर खोल पुरावीत.

प्रयोग : बागमालकाची संमती घ्यावी. नुकतीच औषध फवारणी झालेल्या बागेत मुलांना नेऊ नये. सारख्या वाढीची चार झाडे निवडून दोघांवर विरळणी करावी, दोन तशीच ठेवावीत. खुणेच्या फळांचा घेर दर आठवड्यास दोऱ्याने मोजून वहीत लिहावा.

गणित : समजा, एका झाडावर १५० ग्रॅमची १०० फळे आली, भाव किलोस ४० रुपये. दुसऱ्यावर २४० ग्रॅमची ६० फळे. भाव ७० रुपये. पहिल्याचे वजन १५ किलो व उत्पन्न ६०० रुपये; दुसऱ्याचे १४.४ किलो व १,००८ रुपये. वजन किंचित घटूनही उत्पन्न का वाढले, हे मुलांनीच सांगावे.

शिक्षकांस सूचना : आलेले फळ तोडणे शेतकऱ्याच्या जिवावर येते. मुले घरचा असा अनुभव सांगतील, तेव्हा त्याचे हसू होऊ देऊ नये. तसेच दुर्बळास वगळावे, असा बोध या पाठातून कोणी काढू लागल्यास तेथेच थांबवावे. झाडाचे अन्न मोजके असते. वर्गातील शिक्षकाचे लक्ष मात्र मागे राहिलेल्या मुलाकडे अधिकच वळले पाहिजे.