लाईट गेल्यावर: इन्व्हर्टर की जनरेटर, आणि खर्च किती?

वादळवारं सुटलं की रिसोड-मानोऱ्याकडे लाईट जाते, आणि डीपी जळाली तर ती कधी येईल याचा नेम नसतो. मग घरात जनरेटरचा विषय निघतो. दुकानात जाण्याआधी कागदावर एक बेरीज करा. कूलर 200 वॅट, दोन पंखे 150, पाच एलईडी बल्ब 45, म्हणजे सगळे मिळून 400 वॅटच्या आत. एवढ्यासाठी जनरेटर घेऊ नका. साधारण 1000 व्हीएचा साइन वेव्ह इन्व्हर्टर आणि 150 एएचची ट्युब्युलर बॅटरी हा भार तीनेक तास ओढतात. खर्च 20 ते 28 हजारांच्या घरात. चार-पाच वर्षांनी बॅटरी बदलावी लागेल, तेही आताच धरून ठेवा.

जनरेटरची गरज पडते ती मोटरीला. एक एचपीचा मोनोब्लॉक चालताना हजारेक वॅट घेतो, पण सुरू होतानाच्या क्षणी त्याच्या चार ते सहा पट करंट खेचतो. म्हणून दोन केव्हीएचा जनरेटर बल्ब-पंखे आरामात चालवतो आणि मोटरीचं बटण दाबताच गुदमरून बंद पडतो. मोटर चालवायची असेल तर निदान तीन केव्हीए घ्या. पेट्रोलवरचा असा जनरेटर 50 ते 80 हजारांत येतो. पाच केव्हीएच्या पुढचा सायलेंट डिझेल संच दीड लाखाच्या वर जातो. खरा खर्च मात्र इंधनाचा. छोट्या जनरेटरमध्ये लिटरभर पेट्रोलला जेमतेम दोन युनिट मिळतात, म्हणजे एक युनिट पन्नास रुपयांच्या पुढेच. अकोल्याहून आणणार असाल तर सर्व्हिसचा माणूस तुमच्या गावापर्यंत येईल का, हे पैसे देण्याआधी विचारा.

आता जोडणी. इथे काटकसर नकोच. दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर करून जनरेटरचा करंट घरातल्या सॉकेटमध्ये सोडायचा, हा प्रकार जीव घेणारा आहे. त्या वायरचा एक प्लग सॉकेटमधून निसटला की पितळेच्या उघड्या पिनांवर 230 व्होल्ट असतात. लहान मुलाच्या हाती लागायला वेळ लागत नाही. शिवाय मेन स्विच चालू राहिला तर करंट उलटा डीपीकडे जातो, आणि तिथला ट्रान्सफॉर्मर तो चढवून 11 हजार व्होल्टच्या लाईनवर टाकू शकतो. लाईट गेली आहे म्हणून खांबावर चढलेला लाईनमन त्याच तारेला हात लावणार असतो. आपल्याचसाठी भर पावसात आलेला माणूस आपल्या घरच्या करंटने मरू नये.

यावरचा इलाज म्हणजे चेंजओव्हर स्विच. त्याचा दांडा एका वेळी एकीकडेच बसतो: मेन, बंद किंवा जनरेटर. सिंगल फेजला डबल पोलचा घ्या, म्हणजे फेजबरोबर न्यूट्रलही तुटतो; थ्री फेजला फोर पोल. स्विच, केबल, करंटची गळती होताच पुरवठा तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, नवीन अर्थिंग आणि मजुरी धरून 8 ते 15 हजार लागतील. काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालत राहा. कोरड्या जमिनीत अर्थिंग नावालाच उरतं.

छतावर सोलर असेल तर जास्त सावध राहा. ऑन-ग्रिड सोलर लाईट गेली की आपणहून बंद होतं, ते लाईनमनच्याच सुरक्षेसाठी. जनरेटर त्याच्या जोडणीत कधीही घुसवू नका.

जनरेटर ओसरीत किंवा जिन्याखाली नको. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि झोपेतला माणूस जागाच होत नाही. दारं-खिडक्यांपासून 20 फूट लांब, पत्र्याच्या छपराखाली पण चारी बाजूंनी मोकळा ठेवा. पेट्रोल ओतायचं तर आधी इंजिन बंद करून थंड होऊ द्या. वापर नसला तरी महिन्यातून एकदा दहा-पंधरा मिनिटं भार टाकून चालवा, आणि हंगाम संपल्यावर टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. कार्ब्युरेटर चोंदतो तो त्यानेच.