पिशवीचा खरा हिशोब

आज शाळेतून घरी गेल्यावर एक काम करा. दारामागे, कपाटात किंवा माळ्यावर ठेवलेल्या सगळ्या पिशव्या बाहेर काढा आणि त्यांच्या तीन राशी करा. पहिली रास प्लॅस्टिकच्या पिशव्यांची, दुसरी दुकानातून वा समारंभातून मिळालेल्या नव्या कापडी पिशव्यांची आणि तिसरी जुन्या कपड्यांतून घरीच शिवलेल्या पिशव्यांची. प्रत्येक राशीत किती पिशव्या निघाल्या ते वहीत लिहून ठेवा. हे आकडे पुढे उपयोगी पडणार आहेत.

आता सांगा, यांपैकी निसर्गावर सर्वांत कमी भार टाकणारी पिशवी कोणती? “कापडी!” असे उत्तर तुम्ही चटकन द्याल. ते चूक नाही, पण अपुरे आहे. का, ते पाहू.

जन्मापासून अखेरपर्यंत

वस्तूच्या किमतीत कच्चा माल, मजुरी, वाहतूक आणि नफा यांचा हिशोब असतो. पण ती बनवताना नासलेले पाणी, हवेत गेलेला कार्बन डायऑक्साइड, कामगाराला जडलेला आजार यांचा सगळा खर्च त्या किमतीत येत नाही. तो कोणीतरी भरतोच, फक्त दुकानातल्या पावतीवर तो दिसत नाही. हा लपलेला भार मोजण्यासाठी शास्त्रज्ञ वस्तूचा प्रवास पाच टप्प्यांत तपासतात: कच्चा माल, निर्मिती, वाहतूक, वापर आणि शेवट. या पद्धतीला जीवनचक्र-मूल्यमापन म्हणतात.

प्रथम प्लॅस्टिकची पिशवी घेऊ. खनिज तेल किंवा नैसर्गिक वायूपासून इथिलीन मिळते आणि इथिलीनचे असंख्य रेणू साखळीसारखे जोडून पॉलिथिन तयार होते. पिशवी अगदी हलकी असल्याने तिला माल थोडा लागतो. म्हणून सुरुवातीचा भार कमी. तिचा खरा त्रास शेवटी सुरू होतो. पॉलिथिनची लांब साखळी जिवाणूंना सहजासहजी तोडता येत नाही. पिशवी कुजत नाही. तिचे फक्त बारीक बारीक तुकडे होत जातात. गटारात अडकली की ती पाणी अडवते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. एवढ्या पावसात शहर बुडणारच होते, पण तुंबलेल्या गटारांनी पाण्याचा निचरा आणखी अडवला. पुढे २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली.

कापडी पिशवीचे नेमके उलटे. ती शेवटी मातीत मिसळते, पण तिचा भार सुरुवातीला असतो. कापूस पिकवणे, सरकी काढणे, सूत कातणे, विणणे, रंगवणे या प्रत्येक पायरीवर पाणी व ऊर्जा लागते. एक किलो सुती कापडामागे जागतिक सरासरीने सुमारे १०,००० लिटर पाणी खर्ची पडते. यात पिकावर पडलेला पाऊसही धरला आहे. म्हणजे १०० ग्रॅमच्या पिशवीमागे १,००० लिटर, दोनशे लिटरची पाच पिंपे!

ब्रिटनमधील एन्व्हायर्नमेंट एजन्सीने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की हवामानावरील भाराच्या दृष्टीने नवी सुती पिशवी एकदाच वापरलेल्या पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीपेक्षा सरस ठरायला ती किमान १३१ वेळा वापरावी लागते. आपल्याकडे पिशवीचे वजन आणि कारखान्यातील इंधन निराळे, तेव्हा हा आकडा जसाच्या तसा लागू होणार नाही. शिवाय त्यात तुंबलेली गटारे किंवा गुरांच्या पोटात गेलेले प्लॅस्टिक धरलेले नाही. तरीही त्यातून मिळणारा धडा स्पष्ट आहे. आठवड्यातून दोनदा बाजारात नेल्यास १३१ फेऱ्यांना सुमारे पंधरा महिने लागतात. तीच पिशवी पाच वर्षे वापरली तर ५२० फेऱ्या होतात, म्हणजे प्रत्येक फेरीवरचा भार चौपट घटतो. उलट, प्रत्येक समारंभात मिळालेली नवी कापडी पिशवी कपाटात पडून राहिली, तर तिच्यामागचे पाणी वाया गेले.

आणि तिसरी रास? आजीच्या जुन्या साडीच्या किंवा बाबांच्या विजारीच्या पिशवीसाठी नवा कापूस पिकवावाच लागला नाही. भार पडला तो फक्त दोऱ्याचा आणि शिलाईचा. परीक्षेत पहिला नंबर तिचाच!

कापसामागचा माणूस

हिशोबाचे आणखी एक पान आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन किमान वीस शेतकरी व शेतमजूर दगावले. अनेकांजवळ मुखपट्टी, हातमोजे असे संरक्षणाचे साहित्य नव्हते आणि निरनिराळी औषधे एकत्र मिसळून फवारली जात होती. तेथल्या कापसाचे पुढे सूत झाले, कापड झाले, कपडे झाले. त्या कपड्यांच्या किमतीच्या चिठ्ठीवर या मृत्यूंची नोंद कोठेही नव्हती.

यासाठी सदरा विकत घेणाऱ्याला दोषी धरायचे का? नाही. सदऱ्याकडे पाहून तो कोणत्या शेतातला हे ओळखता येत नाही. पण आपण प्रश्न विचारू शकतो, आणि पुष्कळ ग्राहक तोच प्रश्न विचारू लागले की दुकानदाराला व कारखानदाराला उत्तर शोधावेच लागते.

काही खुणा मदत करतात. भारत सरकारने १९९१ मध्ये पर्यावरणाचा विचार करून बनवलेल्या वस्तूंसाठी ‘इकोमार्क’ योजना सुरू केली; तिचे चिन्ह मातीचे मडके. हातमागाच्या कापडासाठी २००६ पासून ‘हॅन्डलूम मार्क’ आहे. सेंद्रिय अन्नपदार्थांवर ‘जैविक भारत’ हे चिन्ह असते. मात्र वेष्टनावरचा हिरवा रंग, पानाचे चित्र किंवा ‘नैसर्गिक’ हा शब्द म्हणजे पुरावा नव्हे. असे दावे करणाऱ्यांनी त्यांचा आधार दाखवावा, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये जारी केली आहेत.

चार प्रश्न

कोणतीही वस्तू घेण्यापूर्वी स्वतःला चार प्रश्न विचारा.

१. ही खरोखर हवी आहे का? घरात असलेल्या वस्तूने काम भागेल का?
२. ती किती दिवस टिकेल? बिघडल्यास दुरुस्त होईल का?
३. ती कशाची आणि कोणी बनवली? तसे कोठे लिहिले आहे का?
४. काम संपल्यावर ती कोठे जाईल?

“मग जुने कधीच टाकू नये का?” असे कोणी विचारील. तसेही नाही. ६० वॅटचा जुना तारेचा दिवा रोज पाच तास लावला तर वर्षाला सुमारे ११० युनिट वीज जाते. तेवढाच उजेड देणाऱ्या ९ वॅटच्या एलईडी दिव्याला सुमारे १६ युनिट पुरतात. येथे भार मुख्यतः वापराच्या टप्प्यात आहे, म्हणून जुना दिवा बदलणेच शहाणपणाचे. पिशवीचा नियम दिव्याला लावून चालत नाही. प्रत्येक वेळी भार कोणत्या टप्प्यात आहे ते शोधावे लागते.

तुमच्या लक्षात आले असेल, की जपून खरेदी करायला फार पैसे लागतात असे नाही. सेंद्रिय कापसाचा सदरा महाग असतो, तो सर्वांना परवडेलच असे नाही. पण असलेला सदरा आणखी एक वर्ष वापरणे, उसवलेली शिवण घालणे, धाकट्या भावंडाला देणे हे प्रत्येकाला जमते.

करून पाहा

दुसऱ्या राशीतील पिशव्या पुन्हा तपासा. कडेचा धागा सुईने ओढून पाहा. उभे-आडवे धागे सुटे होत नसतील आणि कापड कागदासारखे दाबलेले दिसत असेल, तर ती बहुधा पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लॅस्टिकचीच पिशवी आहे! अशा किती निघाल्या ते लिहा.

मग एक सुती पिशवी निवडा. तिच्या आतल्या बाजूला चिंधीचा छोटा तुकडा शिवा आणि बाजाराच्या प्रत्येक फेरीला त्यावर पेनने एक रेघ मारा. वर्गातील सर्वांच्या रेघा दर महिन्याला एकत्र करून आलेख काढा. शिक्षकांनी हा उपक्रम गणिताच्या तासाला जोडल्यास सरासरी व प्रमाण हे भाग आपोआप शिकवून होतील.

१३१ वी रेघ ज्या दिवशी पडेल, त्या दिवशी तुमच्या पिशवीने आपले कर्ज फेडले असे समजा. त्यापुढची प्रत्येक रेघ ही बचत!