दंतप्रतिकृतीवरील खुणा

ज्या माणसाचे काही दात पडले असून काही शाबूत आहेत, त्यास काढता-घालता येणारी आंशिक कवळी बसवितात. ही कवळी शेजारच्या खऱ्या दातांना धातूच्या बारीक आकड्यांनी धरून राहते. आकडा सैल असल्यास घास चावताना ती निसटते. फाजील घट्ट असल्यास काढताना दर वेळी दातास हिसका बसतो, आणि जो दात वाचवावयाचा तोच हलू लागतो. यांतील फरक मिलिमीटरच्या अंशांचा असतो. म्हणून तोंडाच्या ठशात प्लास्टर ओतून केलेल्या प्रतिकृतीवर आधी खुणा करतात.

यांतील मुख्य खूण कोणती, हे वाचकांस घरीच पाहता येईल. एक लहान वांगे मेजावर मातीच्या गोळ्यात उभे रोवावे. खडूचा लांब तुकडा सरळ उभा धरून त्याची बाजू वांग्यास टेकवीत सभोवार फिरवावा. फुगवटा जेथे सर्वांत अधिक, तेथे पांढरी रेघ उमटेल. तिच्या खालचा भाग आत वळलेला असल्याने खडू तेथे पोचतच नाही. आता वांगे किंचित उजवीकडे कलवून दुसरी रेघ काढावी. ती उजव्या अंगास पहिलीच्या वर आणि डाव्या अंगास खाली गेलेली दिसेल. वांगे तेच, पण कल बदलताच रेघ बदलली.

दंतशास्त्रात हेच काम सर्वेक्षक यंत्राने करतात. अशा यंत्राचा वापर अमेरिकेत ए. जे. फॉर्च्युनाटी यांनी १९१८ साली प्रथम केला, असे मानले जाते. यंत्राच्या उभ्या दांडीस ग्रॅफाइटची कांडी असते व प्रतिकृती कलत्या होणाऱ्या बैठकीवर बसवितात. कांडीने दातावर उमटते ती सर्वेक्षणरेषा. आकड्याचा ताठ भाग या रेषेच्या वर राहिला पाहिजे. केवळ लवचीक टोकाने रेषेखालच्या वळणात शिरावयाचे. कोबाल्ट-क्रोमियमच्या ओतीव आकड्यास तेथे सामान्यतः ०.२५ मिलिमीटर खोली पुरते. पोलादी तार अधिक लवते, म्हणून तिला सुमारे ०.५ मिलिमीटर देता येते.

पण प्रतिकृती यंत्रावरून उतरविली की तिचा कल हरवतो. ती कवळी घडविणाऱ्या कारागिराकडे जाते, आणि त्याने ती अंदाजाने वेगळ्या कलात बसविली, तर आकड्याची जागाच चुकते. यासाठी उतरविण्यापूर्वी दांडी एका उंचीवर पक्की करून प्रतिकृतीवर एकमेकांपासून दूर अशा तीन ठिकाणी फुल्या मारतात व त्यांभोवती वर्तुळे काढतात. एका रेषेत नसलेले तीन बिंदू एकच प्रतल ठरवितात, हा भूमितीचा नियम येथे उपयोगी पडतो. दांडीचे टोक त्याच उंचीवर राहून तिन्ही फुल्यांस टेकेपर्यंत बैठक फिरविली की मूळचा कल परत मिळतो. फुल्या दातांवर किंवा कवळीच्या चौकटीखाली येणाऱ्या जागी मात्र नसाव्यात.

खुणा पेन्सिलीच्याच असाव्यात. ओरखडा काढू नये. प्रतिकृतीवर जेथे खरवडले जाते, तेथे कवळी तेवढी जाड होऊन तोंडात रुतते. वरच्या संपूर्ण कवळीसाठी टाळूच्या मागील कडेस उथळ चर कोरतात, तो याच गुणाचा मुद्दाम घेतलेला लाभ होय: कवळीची कड मऊ भागावर दाबून बसते व हवा आत शिरत नाही.

खुणा झाल्यावर, आकड्याच्या टोकाची जागा सोडून, रेषेखालच्या पोकळ्या मेणाने भरतात. अलीकडे संगणकावरही सर्वेक्षणरेषा काढतात. तेथेही कल आधी ठरवावाच लागतो.