तारेतील वेग : मापनाचा एक पाठ



घरी वा शाळेत इंटरनेटची जोडणी घेतल्यावर सांगितलेला वेग प्रत्यक्षात मिळत नाही, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. संगणक थेट तारेने जोडलेला असताही हा अनुभव येतो, आणि मग अधिक दराची योजना घेण्याकडे मन वळते. सादिलाच्या तुटपुंज्या रकमेतून असा खर्च करण्यापूर्वी कारणांचा क्रमाने विचार करणे इष्ट होय.

पहिले कारण मापाचे. जोडणीचा वेग मेगाबिटांत सांगतात. उतरत असलेली फाइल मात्र संगणक बहुधा मेगाबाइटांत दाखवितो. ८ बिट मिळून १ बाइट होतो. म्हणून १०० मेगाबिटांच्या तारेवर सेकंदास फार तर १२.५ मेगाबाइट दिसावयाचे. शेराने मोजलेले धान्य पायलीने मोजले, तर आकडा उतरतो. धान्य उतरत नाही.

दुसरे कारण वेष्टनाचे. माहिती तुकड्यातुकड्यांनी प्रवास करते. पूर्ण भरलेल्या तुकड्यात आपल्या उपयोगाचे साधारणतः १,४६० बाइट असतात. परंतु पत्ता, तपासणीची खूण व दोन तुकड्यांमधील अंतर धरून तो तारेवर १,५३८ बाइटांची जागा व्यापतो. सुमारे ५ टक्के भाग असा खर्ची पडतो व १२.५ चे जवळजवळ ११.९ उरतात.

तिसरे कारण खुद्द तारेचे. लॅन केबलमध्ये पीळ दिलेल्या ४ जोड्या, म्हणजे ८ तारा असतात. १०० मेगाबिटांस २ जोड्या पुरतात. १९९९ साली प्रमाणित झालेल्या १,००० मेगाबिटांच्या पद्धतीस चारही लागतात. निळी वा तपकिरी जोडी टोकाशी नीट बसली नसेल, तर यंत्रे बहुधा १०० वर उतरतात. काम चालूच राहते, म्हणून दोष ध्यानात येत नाही. वाटेतील जुना स्विच १०० चाच असल्यासही हेच घडते. केबलची लांबी १०० मीटरांहून अधिक नसावी.

संगणकाच्या नेटवर्कविषयक माहितीत जोडणीचा वेग पाहावा. १,००० अपेक्षित असता १०० दिसल्यास प्रथम केबल, नंतर स्विच बदलून पाहावा. दोन्ही एकदम बदलू नयेत, नाही तर दोष कोठे होता हे कळणार नाही. १,००० दिसूनही फाइल सावकाश येत असेल, तर योजनेची मर्यादा, मंद हार्ड डिस्क, दूरचा सर्व्हर किंवा त्याच वेळी चाललेला इतरांचा वापर तपासावा.

वर्गकार्य : ६०० मेगाबाइटांचा चित्रपाठ १०० मेगाबिटांच्या तारेतून किती सेकंदांत येईल? पुष्कळ मुले ६ असे उत्तर देतील. त्यांना लगेच चूक न म्हणता दोन्ही एकके फळ्यावर लिहावयास सांगावे. मग ४८ हे उत्तर ती स्वतःच काढतील. वेष्टनाचा भाग धरल्यास सुमारे ५१ सेकंद होतात, हे वरच्या वर्गांकडून करवून घ्यावे.

योजना बदलण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी ही कारणे याच क्रमाने पडताळून, जे आढळेल ते नोंदवहीत लिहून ठेवावे.